मधलं रीळ

घोडा दोघांनी अर्धा अर्धा विकत घेतलेला.
त्यातला एक घोड्याला घाबरतो,
दुसरा माणसांना.
एवढीच गोष्ट आहे त्या पिक्चरची.
मेन रोडमागच्या थेटरात, थर्ड क्लासात पाहिली पहिल्यांदा,
जिथे ढेकूण आधी चावायचे आणि मग न्यूजरील लागायची.

तिकिटाच्या रांगेतली ओळख.
त्याच्याकडे सुटे नव्हते,
माझ्याकडे सुटेच होते.
मी शरणपूरचा शमुवेल त्रिभुवन, सातपूरला लेथवर,
नखांत कायम लोखंडाचा कीस.
तो पंचवटीतला गायधनी,
माडीवर लाल फडक्यात बांधलेल्या वह्या:
कुठल्या गावाहून कोण कधी अस्थी घेऊन आला, सगळं टिपलेलं.
म्हणायचा, तुझं गोत्र काय लिहू?
लिही, बॉलबेअरिंग.

"तू मागे बस, मी पुढे घाबरतो,"
टांग्यात चढताना तो लगाम धरून म्हणतो
आणि सगळं थेटर ओणवं.
आम्हाला माहीत असायचं, वाक्य आता येणार.
येण्याआधीच पोटात काहीतरी सैल व्हायचं.
नवा विनोद अंगावर येतो.
जुना फक्त कडी वाजवतो,
आणि आपण आतून म्हणतो, उघडंच आहे.

प्रिंट मात्र तुटकी.
नदीकाठी दोघांचं भांडण.
माझा अर्धा घोडा मला दे.
पुढचा की मागचा?
इथे खट्ट. पडदा पांढरा, शिट्ट्या, खुर्च्यांचा खडखडाट,
आणि परत उजेड हलला की
दोघं एकाच कणसाचे दाणे खातायत.
मधे काय झालं?
ऑपरेटर म्हणायचा, मनमाडहून आली तशी लावली.

चाळीस वर्षं वाद घातला आम्ही.
मी म्हणायचो, माफी मागितली असणार.
तो म्हणायचा, छे. घोड्यानेच काहीतरी केलं असेल.

कुंभमेळ्याच्या साली त्याने माझी स्कूटर नेली,
दोन साधूंना तपोवनात सोडायला,
आणि कुठे लावली तेच विसरला.
तेरा दिवसांनी सापडली. हँडलला झेंडूची माळ,
सीटवर कुंकू, चार आणे.
मी बोलायचं ते बोललो. त्यानेही काही ठेवलं नाही.
दहा महिने होळकर पुलाच्या अलीकडे मी,
पलीकडे तो.
मग रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत कुणीतरी ढकललं,
पिवळा होऊन वर आलो,
तर शेजारी आणखी एक पिवळा, नाक शिंकरत.
पुढचं आठवत नाही.
दुपारी एका बाकड्यावर मिसळ खात होतो, एवढं पक्कं.
आमच्याही रिळातला तुकडा मनमाडलाच राहिला.

परवा नातीने, रूथने, फोनवर अख्खी प्रिंट काढून दिली.
स्वच्छ. एक रेघ नाही.
रेघांशिवाय ते दोघं मला उघडे वाटले.
नदीकाठ आला. भांडण आलं.
पुढचा की मागचा.
आणि खट्ट झालंच नाही.

एक जण पायरीवर बसलाय.
दुसरा येऊन उभा राहतो.
घोडा गवत खातो, बराच वेळ, बरंच गवत.
दुसरा म्हणतो, "सरक."
पहिला सरकतो.

संपलं.

गायधनी भडकला. एवढंच?
चाळीस वर्षं थेटरवाल्याने हे लपवलं?
मग म्हणाला, परत लाव.
परत लावलं.
तिसऱ्यांदा रूथने विचारलं, आजोबा, यात हसू कुठे येतं?
सांगता आलं नाही.
गायधनी चष्मा पुसत होता, धोतराने,
धोतर आधीच ओलं.

सोमवारी त्याची बायपास.
रिक्षा दारात आली तर हा शहाणा
तोंडावरची कळा लपवत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.
तू मागे बस, मला म्हणाला, मी पुढे...

सरक, मी म्हणालो.

रिक्षावाला वैतागला. ओ बाबा, पुढे तिघं कसे मावतील?
मागची सीट
अख्खी रिकामी होती.